तेल कारखान्याचं, नाव आपलं: एका पार्लरच्या प्रायव्हेट लेबलचं प्रकरण

नाशिकच्या एका उपनगरात ब्युटी पार्लर चालवणाऱ्या ताईंचं हे प्रकरण आहे. त्यांच्या हिशोबाचं आणि परवान्यांचं काम मी पाहते, त्यामुळे बहुतेक निर्णयांच्या वेळी मी समोर होते. त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि रकमा गोळाबेरीज करून दिल्या आहेत.

प्रायव्हेट लेबल म्हणजे माल दुसऱ्याच्या कारखान्यात तयार होतो आणि त्यावर नाव आपलं लागतं. मसाले, साबण, अगरबत्ती, पापड, शाम्पू, सगळीकडे हे चालतं आणि त्यात गैर काही नाही. हल्ली मात्र मालाबरोबर मजकूरही तयार मिळतो: खोक्यावरची वाक्यं, माहितीपत्रक, इन्स्टाग्रामच्या पोस्ट, व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या चित्रफिती. या प्रकरणात तेलाने फारसा त्रास दिला नाही. त्रास दिला तो मजकुराने.

पार्श्वभूमी

ताईंचं पार्लर दोन खुर्च्यांचं आहे. गिऱ्हाईक बहुतेक आसपासच्या सोसायट्यांमधल्या बायका, शिक्षिका, बँकेतल्या नोकरदार. केसांना तेलाचा मसाज ही त्यांची खासियत. त्यासाठी माका, ब्राह्मी, जास्वंद आणि कढीपत्ता खोबरेलात मंद आचेवर उकळून त्या घरीच तेल करायच्या. बायका मागायच्या म्हणून ते जुन्या बाटल्यांत भरून विकलंही जायचं.

इथे पहिली अडचण होती. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन तयार करायचं तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 आणि त्याखालच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार उत्पादनाचा परवाना लागतो. आपल्याकडे तो अन्न व औषध प्रशासन देतं. स्वतंत्र जागा, जाणकार तांत्रिक माणूस, तपासणीची सोय हे सगळं दाखवावं लागतं. घराच्या ओट्यावर ते जमत नाही. विक्रीसाठी मात्र असा परवाना लागत नाही. म्हणजे परवाना असलेल्या कारखान्यातून तेल करून घ्यायचं आणि आपल्या नावाने विकायचं, हा रस्ता ताईंना मोकळा होता.

2023 च्या जुलैत त्यांनी गुजरातमधल्या एका कारखान्याशी बोलणी केली. कारखान्याचं भांडं 50 लिटरचं, म्हणून कमीत कमी मागणी 100 मिलिलिटरच्या 500 बाटल्यांची. तेल, बाटली, छापील खोका, माहितीपत्रक धरून भाव 68 रुपये, वर तेव्हाचा 18 टक्के जीएसटी. ताईंची जीएसटी नोंदणी नव्हती, त्यामुळे भरलेला कर परत मिळणार नव्हता, तो खर्चातच धरायचा होता. वाहतुकीसह बाटली 84 रुपयांना पडली. एकूण गुंतवणूक 42 हजार, छापील किंमत 220.

कारखानदाराने सोबत एक फोल्डर पाठवलं. त्यात वर्षभर पुरतील इतक्या पोस्ट, केसांचे आधीचे-नंतरचे फोटो आणि मराठीत तयार माहितीपत्रक होतं. "मॅडम, तुम्ही फक्त नाव सांगा, बाकी सगळं आमच्याकडे रेडी आहे." पार्लर, घर आणि दोन मुलं सांभाळणाऱ्या बाईला हे वाक्य किती मोलाचं वाटलं असेल, हे मला पूर्ण कळतं. पोस्ट लिहायला तिने वेळ आणायचा कुठून?

नावाच्या बाबतीत ताईंनी एक गोष्ट चोख केली. कारखानदार म्हणत होता, ट्रेडमार्कचंही आम्हीच पाहतो. ताईंनी नकार दिला आणि स्वतःच्या नावाने तिसऱ्या वर्गात, म्हणजे सौंदर्यप्रसाधनांच्या वर्गात, अर्ज केला. ऑनलाइन अर्जाची वैयक्तिक फी 4,500 रुपये. पुढे याचा मोठा उपयोग झाला.

अडचण

माल ऑगस्टमध्ये आला. सप्टेंबर संपेपर्यंत 190 बाटल्या गेल्या. पार्लरच्या मानाने ही विक्री फार चांगली होती.

मग एका शिक्षिकेने सिन्नरहून आणलेला एक खोका टेबलावर ठेवला. तिच्या बहिणीच्या नेहमीच्या पार्लरमधलं तेल, नाव वेगळं, रंग वेगळा. मागच्या बाजूचा मजकूर मात्र ताईंच्या खोक्यावरचाच, शब्दाला शब्द. ताईंच्या खोक्यावर 'जास्वंद'चं 'जांस्वद' झालं होतं, तिथेही 'जांस्वद'च. शिक्षिकेने भांडण केलं नाही. तिने एवढंच विचारलं, "ताई, हे तुम्ही घरी करायचात तेच तेल ना?"

ताईंनी तो दिवस कसाबसा काढला आणि संध्याकाळी दोन्ही खोके घेऊन माझ्याकडे आल्या. आम्ही प्रथमच खोका नीट, ओळीने वाचला. घटकांची यादी बारीक इंग्रजी अक्षरांत होती. सौंदर्यप्रसाधनाच्या लेबलवर घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. पहिलाच घटक होता लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल. माका, ब्राह्मी, जास्वंद सुगंधी द्रव्याच्याही खाली, शेवटून दुसऱ्या ओळीत. खनिज तेल बेकायदा नाही. बाजारातल्या कित्येक तेलांत ते असतं, ते स्वस्त पडतं आणि थंडीत गोठत नाही. पण खोक्याच्या दर्शनी बाजूला कढईत उकळणाऱ्या वनस्पतींचं चित्र होतं आणि ताईंच्या बायका त्या कढईच्या विश्वासावर पैसे देत होत्या.

खोक्यावर 'आयुर्वेदिक' असंही छापलं होतं. परवाना क्रमांक मात्र सौंदर्यप्रसाधनाचा होता. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायच्या मालाला उत्पादनाचा वेगळा परवाना लागतो आणि तो या कारखान्याकडे नव्हता. त्याहून वाईट होती माहितीपत्रकातली ओळ: '21 दिवसांत नवे केस, टक्कल आणि चाईवर गुणकारी'. औषध नियमावलीच्या अनुसूची 'जे'मध्ये टक्कल आणि नवे केस उगवणे या दोन्ही गोष्टी आहेत. त्या बऱ्या करण्याचा दावा परवानाधारक औषधालाही करता येत नाही, मग केसांना लावायच्या साध्या तेलाची काय कथा?

एवढं सगळं कळूनही विक्री थांबवावी का, यावर ताई दोन दिवस घुटमळल्या. दिवाळी दीड महिन्यावर होती. अभ्यंगस्नानाच्या तेलाची मागणी याच दिवसांत येते आणि कपाटात 310 बाटल्या होत्या.

निर्णय झाला तो एका आईमुळे. गणपती उठल्यावर त्या आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या डोक्यावर मागे रुपयाएवढ्या दोन चकत्या होत्या, चाई पडलेली. त्यांनी आधी तीन बाटल्या नेल्या होत्या. पत्रकाची घडी उलगडून त्यांनी ती ओळ दाखवली आणि विचारलं, "ताई, यात लिहिलंय तर आता डॉक्टरांचं मलम बंद करू का?" ताईंनी तिथल्या तिथे सांगितलं, "बंद करू नका. डॉक्टर सांगतील तेच करा. हे तेल त्याच्यावरचं औषध नाही." आणि तिन्ही बाटल्यांचे पैसे परत केले. त्या संध्याकाळपासून विक्री बंद.

समोर असलेले मार्ग

कोजागरीच्या आत काहीतरी ठरवायचं होतं. पाच पर्याय होते आणि प्रत्येकाला त्यांनी खरोखर वेळ दिला.

सगळ्यात सोपा मार्ग कारखानदाराने सुचवला: आहे तसं विका. "सगळे हेच लावतात मॅडम, आजपर्यंत कोणी विचारलं नाही." ताईंचं उत्तर मला फार आवडलं: "माझ्या बायका विचारतात." शिवाय ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधली उत्पादकाची व्याख्या मी त्यांना वाचून दाखवली. दुसऱ्याने केलेल्या वस्तूवर जो स्वतःचं चिन्ह लावतो, तोही त्या कायद्याने उत्पादकच ठरतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. 'मी फक्त विकत होते' असं ताईंना म्हणता येणार नव्हतं.

दुसरा मार्ग म्हणजे खोके आणि पत्रकं काढून टाकायची, बाटलीवर नवं लेबल चिकटवायचं आणि दिवाळी साधायची. हा मोह मोठा होता. बाटलीवरही 'नवे केस उगवण्यास मदत' छापलेलं होतं, म्हणजे नुसता खोका काढून भागणार नव्हतं. आणि निर्मात्याने लावलेलं लेबल विक्रेत्याने परस्पर खोडायचं, झाकायचं किंवा बदलायचं नसतं. ते काम कारखान्यातच व्हायला हवं.

पुन्हा घरी तेल करणं परवान्याअभावी बाद झालं. एखाद्या नामांकित कंपनीचं तेल ठेवण्याचाही विचार झाला, त्यात जोखीम नव्हती, पण तेच तेल समोरच्या मेडिकलमध्ये सवलतीत मिळतं, पार्लरमधून कोण घेईल?

पाचवा मार्ग होता लोन लायसन्सचा. यात कारखाना दुसऱ्याचा वापरायचा, पण उत्पादनाचा परवाना स्वतःच्या नावावर घ्यायचा. कृती आपली राहते आणि कारखाना बदलला तरी आपल्याबरोबर येते. मला व्यक्तिशः हा मार्ग सगळ्यात भक्कम वाटतो. पण फी, कागदपत्रं, तपासणी हा खटाटोप महिन्याला चाळीस-पन्नास बाटल्यांसाठी परवडत नाही. ताईंनी तो पुढच्यासाठी राखून ठेवला.

निर्णय आणि अंमल

ठरलं ते असं: उरलेल्या 310 बाटल्या कारखान्यात परत पाठवायच्या, तिथे नवं लेबल आणि नवा खोका लावून घ्यायचा, आणि पुढची खेप स्वतःच्या कृतीची करायची. दिवाळीवर पाणी सोडायचं.

कारखानदार आधी तयार नव्हता. ट्रेडमार्कचा अर्ज ताईंच्या नावावर असल्यामुळे त्याला तो माल दुसऱ्या कुणाला देता येत नव्हता आणि पुढची मागणीही हवी होती, त्यावर तो वळला. नवी छपाई, मजुरी आणि दोन्हीकडचं भाडं मिळून बाटलीमागे 19 रुपये, म्हणजे जवळपास सहा हजार, ताईंनी सोसले. माझ्या मते यातला निम्मा वाटा कारखानदाराने उचलायला हवा होता, कारण चुकीचा मजकूर त्याचाच होता. पण कागदावर तसं काहीच ठरलेलं नव्हतं.

नवं लेबल लिहायला आम्ही तिघी बसलो: ताई, मी आणि त्यांची भाची, जी कॉलेजात शिकते आणि छान मराठी लिहिते. 'आयुर्वेदिक' गेलं. '21 दिवस' गेलं. कढईचं चित्र गेलं. उरलं ते एवढंच: 'केसांचे तेल. खनिज तेलावर आधारित, माका, ब्राह्मी व जास्वंद अर्कांसह.' खनिज तेल दर्शनी बाजूला लिहायला कायदा सांगत नाही, मागच्या यादीत असलं की पुरतं. ताईंनी ते हट्टाने पुढे छापलं. त्यांचं म्हणणं, ज्यांना घरच्या तेलाची सवय आहे त्यांना घेण्याआधी कळलं पाहिजे. निर्माता म्हणून कारखान्याचं नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक, विक्रेता म्हणून ताईंचं नाव, बॅच क्रमांक, वापरण्याची अंतिम मुदत, निव्वळ प्रमाण, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन नंबर, हे सगळं आधीही होतं. फक्त फोन नंबर कारखान्याचा होता, तो आता पार्लरचा झाला.

माहितीपत्रकावर सगळ्यात जास्त वेळ गेला. तेल किती घ्यायचं, किती वेळ ठेवायचं, आधी कानामागे थेंबभर लावून एक दिवस वाट पाहायची. आणि शेवटी ठळक अक्षरांत: 'केस चकत्यांनी गेले असतील, टाळूला खाज, फोड किंवा खपल्या असतील तर तेल लावण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.' हे वाक्य ताईंनी स्वतः लिहिलं.

फोल्डरमधल्या पोस्ट एकूण एक काढून टाकल्या. त्यातले आधीचे-नंतरचे फोटो कुणाचे, कुठले, कारखानदारालाही सांगता येत नव्हतं. हक्काचाही प्रश्न होताच. 'वापरा, फुकट आहे' या तोंडी शब्दाने कॉपीराइट आपल्याकडे येत नाही. कॉपीराइट कायदा 1957 नुसार हक्क सोपवायचा तर लेखी हवा, आणि मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरताच धरला जातो. म्हणून भाचीने लिहिलेल्या मजकुराचाही एक पानी करार केला, मानधन आणि मुदत लिहून. भाचीला गंमत वाटली, ताईंना थोडा संकोच वाटला, मी मात्र आग्रह सोडला नाही. बाटल्यांचे फोटो पैसे देऊन काढून घेतले. मोबदला देऊन काढवलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाराच असतो. लिहून घेतलेल्या मजकुराचं तसं नाही, आणि हा फरक छोट्या व्यावसायिकांच्या सहसा लक्षात येत नाही.

मग दुसऱ्या खेपेची कृती. ताईंना खोबरेलच हवं होतं. जानेवारी 2024 मध्ये कारखान्याने तीन नमुने पाठवले. ते त्यांनी रात्री गच्चीच्या कट्ट्यावर ठेवले. सकाळी खोबरेल जास्त असलेल्या बाटलीत पांढरा गठ्ठा, नोझलमधून थेंब निघेना. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, आणि नाशिकची जानेवारीतली पहाट त्याहून कितीतरी गार असते. घरी हे चालायचं, कारण घरी वाटी चुलीजवळ ठेवता येते. दुकानातून नेलेली बाटली गोठली की बाई म्हणते, तेल खराब निघालं. रुंद तोंडाची बरणी हा उपाय होता, पण ओल्या हातांची बोटं रोज त्यात जाणार, म्हणून तो सोडला. शेवटी तिळाचं तेल मुख्य आणि खोबरेल थोडं, असं मिश्रण ठरलं. ते वाहतं राहिलं. त्याला तिळाचा वास येतो, सुगंधी द्रव्य वाढवून तो झाकायचा नाही असंही ठरलं.

कारखान्याशी या वेळी लेखी करार झाला. ही कृती दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, घटकाचं प्रमाण बदलायचं तर आधी कळवायचं, प्रत्येक बॅचचा तपासणी अहवाल मालाबरोबर पाठवायचा, आणि छापण्याआधी मजकुरावर ताईंची सही घ्यायची.

निष्पत्ती

नवी लेबलं लावलेल्या 310 बाटल्या डिसेंबर 2023 मध्ये परत आल्या. त्या संपायला मेपर्यंत वेळ लागला. पूर्वी दोन महिन्यांत 190 गेल्या होत्या, हे पाहता घसरण मोठी होती. खनिज तेल वाचून काही जणींनी बाटली परत ठेवली. काहींनी ती मुद्दाम घेतली, चिकट होत नाही म्हणून. आधी विकलेल्या बाटल्यांपैकी बावीस परत आल्या, त्यांचे पैसे दिले. पहिल्या खेपेत, परतावा आणि नवी छपाई धरून, नफा अपेक्षेपेक्षा कमी राहिला.

तिळाच्या तेलाची खेप उन्हाळ्यात आली. ती बाटली तेव्हा 117 रुपयांना पडायची आणि 260 ला विकली जायची. महिन्याला चाळीसच्या आसपास जातात, दिवाळीत दुप्पट. आकडा छोटा आहे, पण तो टिकला आहे, आणि त्यात परत-परत नेणाऱ्या बायका जास्त आहेत. चाई पडलेल्या मुलीच्या आई अजून पार्लरमध्ये येतात. मुलीचे उपचार त्वचारोगतज्ज्ञांकडे चालू राहिले.

कारखानदाराने फेसवॉशच्याही 200 ट्यूब गळ्यात मारल्या होत्या. त्यातल्या निम्म्या मुदत संपून वाया गेल्या. पार्लरच्या बायका फेसवॉश पार्लरमधून घेत नाहीत, इतकंच त्याचं कारण.

वेगळं काय करता आलं असतं

मागणी देण्याआधी रिकाम्या खोक्याचा नमुना मागवून घटकांची यादी वाचता आली असती. पाच मिनिटांचं काम होतं. खोका छापण्याआधी त्याची प्रत फोनवर आली होती, ताईंनी त्यात नाव आणि रंग तपासले, मागची बाजू मोठी करून पाहिली नाही. बहुतेक जणी हेच करतात, कारण मागची बाजू 'त्यांची' आहे असं वाटतं. मी आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला आधी मागची बाजू वाचायला लावते.

500 बाटल्यांची अट बोलून कमी झाली असती का? भांडं 50 लिटरचं असलं तरी तेल एकदम भरून घ्यायची गरज नव्हती. 200 बाटल्यांवर लेबल लावून बाकीचं तेल कारखान्यात ठेवता आलं असतं, थोडं साठवणुकीचं भाडं देऊन. दुसऱ्या खेपेला कारखाना याला राजी झाला, म्हणजे पहिल्या वेळीही विचारता आलं असतं.

दिवाळीवर पाणी सोडणं चूक होतं, असं ताईंचे यजमान आजही म्हणतात. त्यांच्या मते जुनं पत्रक काढून, प्रत्येकीला तोंडी सांगून माल विकता आला असता. मला ते पटत नाही. तोंडी सांगितलेलं बाटलीबरोबर घरी जात नाही, छापलेलं जातं, आणि ते वाचणारी बाई पार्लरमध्ये आलेलीच असेल असं नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून केसांच्या तेलावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आणि बाटलीमागचा खर्च बारा-साडेबारा रुपयांनी उतरला. कर उतरला म्हणून ताईंनी छापील किंमत कमी केली, ते बरोबरच झालं. एका मुद्द्यावर मात्र आम्हा दोघींचं अजून एकमत झालेलं नाही. आता त्यांना महिन्याची विक्री वाढवून लोन लायसन्सकडे जायचं आहे, आणि त्यासाठी सातपूरच्या एका ओळखीच्या पार्लरलाही हेच तेल त्या पार्लरच्या नावाने द्यायचा त्यांचा विचार आहे. म्हणजे आता ताई स्वतःच दुसऱ्या कुणासाठी प्रायव्हेट लेबल करणार. माझी अट एकच आहे: कृती एकच असली तरी चालेल, पण त्या पार्लरने मजकूर स्वतःचा लिहावा, आणि हेच तेल ताईंकडेही मिळतं हे तिथल्या गिऱ्हाइकाने विचारलं तर खरं सांगावं. ताई म्हणतात, विचारलं तर कशाला, खोक्यावरच छापू. सातपूरची पार्लरवाली अजून 'हो' म्हणालेली नाही.